सुट्या भागांची मोटार आणि स्टॉपवॉचची परीक्षा

चाकांची दुनिया

दोस्तांनो, मेकॅनोचा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. पट्ट्या, चाकं, इवलेसे नट-बोल्ट आणि एक पाना. दुपारभर खटपट केली की क्रेन तयार! आता कल्पना करा, दारात एक टेम्पो येऊन थांबला आहे आणि त्यातून मोठमोठी खोकी उतरताहेत. एकात स्टिअरिंग, एकात ब्रेक, एकात दिवे आणि एकात चक्क इंजिन! सगळं जोडायचं तुम्ही. जोडून झालं की त्यात बसायचं आणि खऱ्या ट्रॅकवर शर्यतीला उतरायचं.

थाप वाटते ना? पण इंग्लंडमध्ये हे गेली साठ-सत्तर वर्षं चाललंय. अशा मोटारीला म्हणतात ‘किट कार’. आज आपण या किट कारची ओळख करून घेऊ या आणि हौशी लोकांच्या शर्यतीला एक फेरफटकाही मारू या. तिथे एक मजेदार प्रश्न आपली वाट बघतोय. गाडीला नवा, महागडा भाग बसवला. पण त्यानं गाडी खरंच जोरात धावते, की आपल्याला नुसतं तसं वाटतं?

एका विद्यार्थ्याची करामत

ही गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण तिथे इंजिनीअरिंग शिकत होता. १९४८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार घेतली आणि मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिची मोडतोड करून स्वतःची शर्यतीची गाडी बनवली. हीच ‘लोटस’ या नावाची पहिली गाडी. पुढे त्यानं त्याच नावाची कंपनी काढली आणि त्या कंपनीच्या संघानं फॉर्म्युला वनचं संघांसाठीचं विजेतेपद सात वेळा पटकावलं!

१९५७ मध्ये चॅपमननं ‘लोटस सेव्हन’ ही छोटीशी मोटार आणली. छप्पर जवळजवळ नाहीच, दारं नाहीत, पुढची चाकं अंगाबाहेर आलेली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. बस्स! चॅपमनचं म्हणणं साधं होतं. गाडीची ताकद वाढवली, तर ती सरळ रस्त्यावर जोरात पळेल. पण वजन कमी केलं, तर ती सगळीकडेच जोरात पळेल.

ही गाडी सुट्या भागांत का विकायची? तर कर वाचवण्यासाठी! त्या वेळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर भरपूर विक्रीकर होता. पण सुटे भाग घेऊन गाडी घरी जोडली, तर तो लागत नसे. त्याबद्दल एक गमतीदार किस्सा सांगतात. कंपनीनं ‘गाडी कशी जोडावी’ याची पुस्तिका दिली, तर सवलत मिळणार नाही, अशी अट होती. मग म्हणे, चॅपमननं ‘गाडी कशी उघडावी’ याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकानं ती फक्त शेवटापासून सुरुवातीकडे वाचायची!

१९७३ मध्ये तिकडची करपद्धत बदलली आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी लोटस सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीनं घेतले. गाडी मात्र लोकांना इतकी आवडली होती, की कर वाचत नसतानाही ती घरी जोडायची हौस टिकून राहिली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या एका शिक्षकानं, अवघ्या अडीचशे पौंडांत आपली स्पोर्ट्स कार कशी बनवावी, याचं पुस्तकच लिहिलं. भंगारात निघालेल्या जुन्या फोर्ड मोटारीचे भाग काढायचे, सांगाडा आपण वेल्डिंग करून बनवायचा आणि गाडी उभी करायची. अशा गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या ७५० मोटर क्लबनं पुढे वेगळी शर्यतमालिकाच सुरू केली. हा क्लब १९३९ चा. ऑस्टिन सेव्हनचं इंजिन सुमारे ७५० सी.सी. चं होतं, म्हणून हे नाव.

आधी थोडं गणित

वही काढा बरं! मारुती ८०० तुमच्या आई-बाबांना चांगली आठवत असेल. तिच्या नंतरच्या गाड्यांचं इंजिन साधारण ३७ अश्वशक्तीचं आणि वजन ६५० किलोच्या आसपास. म्हणजे दर १०० किलोंमागे किती अश्वशक्ती? जेमतेम पावणेसहा.

आता केटरहॅमची ‘२७०’ ही गाडी घ्या. २०१५ च्या सुमाराची. ताकद १३५ अश्वशक्ती, वजन सुमारे ५४० किलो. दर १०० किलोंमागे २५! आणि तिचीच सुधारलेली बहीण ‘३१०’. इंजिन तेच, पण आतला कॅमशाफ्ट बदललेला आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणी नवी. ताकद १५२. म्हणजे दर १०० किलोंमागे २८ हून थोडी जास्त.

कॅमशाफ्ट म्हणजे काय? इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या छोट्या झडपा असतात. त्या उघडण्याचं काम अंड्यासारख्या आकाराच्या चकत्या बसवलेला एक दांडा करतो. तो कॅमशाफ्ट. चकत्यांचा आकार बदलला, की झडप जास्त उघडते आणि जास्त वेळ उघडी राहते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद! पण एक मेख आहे. ही जादा ताकद इंजिन वेगात फिरत असतानाच मिळते. ते हळू फिरत असताना असं इंजिन उलट जरा मरगळल्यासारखं वागू शकतं. ही मेख लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चला शर्यतीला

समजा, तुम्ही मोठे झालात. शाळेत शिकवता, दवाखाना चालवता किंवा नळदुरुस्तीची कामं करता. हौशी शर्यतीत असेच लोक असतात. हिवाळाभर रात्री जागून तुम्ही गाडीत तीन सुधारणा केल्या. नवा कॅमशाफ्ट, नवे ब्रेकपॅड आणि मागच्या चाकांसाठी नवा डिफरन्शियल. साठवलेले पैसे संपले. आता शुक्रवार उजाडला आहे आणि तुम्ही लंडनजवळच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर पोचला आहात. शनिवार-रविवारी शर्यती, आणि शुक्रवारी पैसे भरून सराव.

ब्रँड्स हॅचची छोटी फेरी १.९४ किलोमीटरची. सुरुवातीलाच ‘पॅडॉक हिल’ हे वळण. गाडी उजवीकडे वळता वळता एकदम उतारावर लागते आणि पोटात गोळा येतो! मग चढ आणि माथ्यावर ‘ड्रुइड्स’ हे हेअरपिनसारखं आवळलेलं वळण. घाटातून एस.टी. नं जाताना लागतं ना, अगदी तसं.

हिशोबासाठी धरू या, की तुमची एक फेरी बरोबर एका मिनिटाची. म्हणजे सरासरी वेग ताशी ११६ किलोमीटरच्या वर, सेकंदाला सुमारे ३२ मीटर. आता सेकंदाचा दहावा हिस्सा घ्या. डोळ्याची पापणीही धड लवत नाही एवढ्यात. तेवढ्या वेळात गाडी सव्वातीन मीटर पुढे जाते. ही गाडी आहेच मुळी तीन मीटरहून थोडी लांब! म्हणजे एका फेरीत फक्त ०.१ सेकंद वाचला, तर तुम्ही एक अख्खी गाडीभर पुढे. वीस फेऱ्यांत वीस गाड्या! कळलं ना, इथे दशांश चिन्हाला एवढा मान का ते?

मन म्हणतं एक, घड्याळ म्हणतं दुसरं

तुम्ही पाच फेऱ्या मारून आलात. गाडी काय गरजत होती! अंगावर काटा आला. मन म्हणतं, “वा! पैसे वसूल.” पण स्टॉपवॉच बघता तर काय, गेल्या वर्षीपेक्षा फेरीला ०.३ सेकंद जास्त लागलेत!

इथेच खरी परीक्षा सुरू होते, बरं का. ज्या वस्तूवर आपण पैसे आणि झोप खर्च केली, ती चांगली असावी असं आपल्याला मनापासून वाटत असतं. म्हणून आपलं मन चांगला पंच नसतं. आवाज मोठा झाला, की वेग वाढला असंच वाटतं. स्टॉपवॉचला मात्र तुमच्या खर्चाचं काही देणंघेणं नाही.

मग करायचं काय? हुशार लोक वही उघडतात. फेरीचे तीन तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी मोजतात. सरळ रस्त्याच्या तुकड्यात तुमची गाडी गेल्या वर्षीपेक्षा जलद आहे. म्हणजे इंजिनाची ताकद खरंच वाढली आहे. वेळ जातोय तो ड्रुइड्सच्या तुकड्यात. आठवली ती मेख? वळणात गाडी हळू होते, इंजिन हळू फिरतं आणि नव्या कॅमशाफ्टला तेच आवडत नाही. उपाय सोपा आहे. तिथे एक गिअर खाली घ्यायचा. म्हणजे दोष भागात नव्हताच, तो वापरण्याची तुमची सवय जुनी होती!

यात एक नियम सोन्यासारखा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गिअर बदलून बघताना टायरमधली हवाही बदलली, तर वेळ कशामुळे सुधारली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसरा नियम असा. बदल केल्यावर एकदा परत जुन्यावर जाऊन बघायचं. कारण दुपारी ट्रॅक तापलेला असतो, टाकीतलं पेट्रोल कमी झाल्यानं गाडी हलकी झालेली असते आणि तुमचाही हात बसलेला असतो. आधी जुनं, मग नवं, मग पुन्हा जुनं. तिन्ही वेळा मोजलं आणि फक्त मधलाच आकडा चांगला निघाला, तर नव्याला शाबासकी. आकडे नुसते चढत्या क्रमानं सुधारत गेले, तर शाबासकी तुमच्या सरावाला!

टायरची तपासणी तर बघण्यासारखी असते. साध्या मोटारीत तीसच्या आसपास हवा भरतात. या हलक्या गाडीला १८-२० पुरते. शिवाय टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि दाब वाढतो. म्हणून गाडी थांबताच गरम टायरचा दाब बघतात आणि टायरच्या पट्ट्याचं तापमान तीन ठिकाणी घेतात. आत, मध्ये आणि बाहेर. मधला भाग जास्त तापला असेल, तर हवा जास्त झाली. दोन्ही कडा जास्त तापल्या असतील, तर कमी झाली. टायर बोलत नाही, पण आपलं दुखणं बरोबर सांगतो!

आणि डिफरन्शियल? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये, त्यांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी असते. पण जोरात वळताना आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि साध्या पेटीत सगळी मेहनत त्या चाकाला जागच्या जागी गरगर फिरवण्यात वाया जाते. नव्या प्रकारची पेटी ते फिरणं आवरते आणि जोर बाहेरच्या चाकाकडेही पोचवते. ड्रुइड्समधून बाहेर पडताना हिचा उपयोग होतो की नाही, हेसुद्धा वहीच सांगणार.

ब्रेकची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका

आता जरा गंभीर. ताकद वाढली म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी वेग जास्त. समजा, पूर्वी ताशी १५० होता, आता १६५ झाला. वाढ किती? दहा टक्के. पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१. गाडी थांबवताना ब्रेकला एकवीस टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते आणि तिची होते उष्णता.

ब्रेक फार तापले, की नळीतलं ब्रेकऑइल उकळू शकतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पाय ब्रेकवर ठेवला की पेडल मऊ लागतं, खोल जातं आणि गाडी थांबत नाही. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. म्हणून अनुभवी लोक इंजिनावर खर्च करण्याआधी ताजं, चांगल्या प्रतीचं ब्रेकऑइल भरतात. सगळ्यात स्वस्त सुधारणा, आणि सगळ्यात मोलाची!

समजा, सातव्या फेरीत तुमचं पेडल किंचित मऊ लागलं. सरावाची दहा मिनिटं उरली आहेत आणि पैसे तर भरून झालेत. काय कराल? खरा शर्यतपटू हात वर करून मागच्यांना इशारा देतो आणि गाडी हळूच आत घेतो. वळणाच्या कडेला झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. तेही हौसेनं, विनापगार आलेले. तुमचे ब्रेक गेले, तर धोका एकट्या तुम्हाला नसतो.

शनिवार सकाळची झाडाझडती

शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. तपासनीस चाक हलवून बघतात, बॅटरी घट्ट बसली आहे का बघतात, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तो झटकन परत येतो का, हेही बघतात. डोक्यामागची लोखंडी कमान, अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट, हेल्मेट, न पेटणारे कपडे, आग विझवायचं नळकांडं, सगळं लागतं. गाडीच्या बाहेर निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह दिसेल. तिथली कळ फिरवली, की सगळी वीज बंद. अपघात झाला, तर मार्शलला ती ताबडतोब सापडावी म्हणून ही खूण.

आणखी एक गोष्ट तपासली जाते, ती म्हणजे प्रामाणिकपणा! कुठल्या वर्गात काय बदललेलं चालेल, याचे नियम असतात. काही वर्गांत इंजिनाला चक्क सील ठोकलेलं असतं. शर्यत संपल्यावर गाडी तराजूवर चढवतात. अनेक वर्गांत गाडी आणि चालक मिळून किमान वजन भरावंच लागतं, म्हणजे सडपातळ चालकाला फुकटचा फायदा नको. केटरहॅमनं १९९५ पासून नवशिक्यांसाठी जी ‘अकॅडमी’ मालिका चालवली, तिचं तत्त्वच हे. सगळ्यांची गाडी सारखी, बघू कोण चांगलं चालवतो ते! सुधारणा करायच्या त्या पुढच्या वर्षी, वरच्या वर्गात जाताना, आणि त्याही त्याच गाडीत.

आणि आपल्याकडे?

कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून छोट्या एकआसनी शर्यतीच्या मोटारी बनवल्या आणि कितीतरी तरुणांना ट्रॅकवर आणलं. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचं निधन झालं. कोइमतूरचा ट्रॅक आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तिथे फॉर्म्युला भारत ही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. गाडी स्वतः आखायची, स्वतः बनवायची आणि परीक्षकांपुढे उभी करायची. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. मधल्या मुलामुलींनी तर स्वतः बनवलेल्या विजेवरच्या मोटारी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर नेल्या आहेत. म्हणजे तुमच्यासाठीही वाट आहे. फक्त गणित आणि विज्ञानाशी कट्टी करू नका!

करून पाहा

मोटार नाही? सायकल तर आहे! हा प्रयोग रस्त्यावर मुळीच नाही, मोकळ्या मैदानात करायचा. सोबत मोठं माणूस हवं.

१. हलका उतार असलेली जागा शोधा आणि सुरुवातीची रेघ खडूनं आखा.

२. सायकलच्या टायरमधली हवा थोडी कमी करा. रेघेवरून पेडल न मारता सायकल सोडा. ती आपोआप जिथे थांबेल, तिथे खूण करून अंतर मोजा. असं तीनदा करून सरासरी काढा.

३. आता टायरमध्ये पुरेशी हवा भरा आणि पुन्हा तीनदा मोजा.

४. हवा परत पहिल्याइतकी कमी करून आणखी तीनदा मोजा. कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका!

चालवणारा तोच, दप्तर असेल तर तेही तेच. फक्त हवा बदलायची. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज कागदावर लिहून ठेवा. आई-बाबांनाही लिहायला लावा. मग बघा, घरात कोणाचं मन चांगला पंच आहे ते!

पुढच्या आठवड्यात : पावसात गाडी घसरते का, आणि टायरवरच्या नक्षीचं काम काय?